वाचकांचे प्रश्न : गच्चीवरचा बार आणि रात्रीचा दणदणाट

प्रश्न : शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर बार सुरू झाला आहे. रात्री एकपर्यंत स्पीकर चालतात. 112 वर फोन केला की पोलीस येतात, आवाज कमी होतो. गाडी वळली की पुन्हा तेच. मोबाइलवर 52 डेसिबल दिसतात, पण खिडकीच्या काचा थरथरतात. तक्रार नेमकी कशाची करायची? – एक वाचक, पुणे

उत्तर : डेसिबलच्या वादात शिरू नका. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत स्पीकर फक्त बंदिस्त जागेत लावता येतो. उघडी गच्ची बंदिस्त नव्हे. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, तीही सण-उत्सवांसाठी. ‘आम्हाला दीडपर्यंत परवानगी आहे’ असे बारमालक हमखास सांगतात. ती वेळ दारू देण्याची आहे, उघड्यावर स्पीकर लावण्याची नाही. त्यामुळे तक्रारीत ‘मोठा आवाज’ असे मोघम न लिहिता ‘रात्री 10 नंतर उघड्या गच्चीवर ध्वनिक्षेपक’ असे लिहा.

आकड्यांवर भिस्त ठेवली की प्रकरण घसरते. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 आहे, पण तो भाग व्यापारी ठरला तर 55 आणि तुमचे 52 बाद! शिवाय डेसिबल मोजण्याचे नेहमीचे ‘ए’ माप खर्जातला आवाज (बास) जवळपास गाळून टाकते: 63 हर्ट्झला सुमारे 26 डेसिबल वजा होतात. काचा हलवतो तो नेमका हाच बास. मोजायचेच असेल तर ‘ए’ आणि ‘सी’ (हे बास फारसा गाळत नाही) अशी दोन्ही मापे देणारे यंत्र घ्या. दोन आकड्यांत 15-20 चा फरक पडला तर त्रास बासचा आहे असे समजा. मोबाइलचा माइक खर्जात कच्चा असतो, त्यामुळे त्याचा आकडा फक्त पूरक पुरावा म्हणून जोडा.

पुरावा असा जमवा : लागोपाठ तीन-चार रात्री गच्ची आणि स्पीकर दिसतील असे व्हिडिओ, तारीख-वेळेसह. 112 च्या प्रत्येक कॉलचा क्रमांक लिहून ठेवा. पोलीस किती वाजता आले, आवाज पुन्हा कधी वाढला हेही टिपा. मग ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. नाव उघड होण्याची भीती अनेकांना वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये भोंग्यांच्या प्रकरणात तक्रारदाराची ओळख विचारू नये, उघड करू नये असे पोलिसांना बजावले आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

खरा धाक परवान्याचा असतो, आणि लोक तिथेच कमी पडतात. राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे माहिती अधिकारात (10 रुपये, 30 दिवस) एफएल-3 परवान्याची (परमिट रूमचा परवाना) प्रत, मंजूर नकाशा आणि आधीच्या नियमभंग प्रकरणांची माहिती मागा. दारू नकाशात दाखवलेल्या जागेतच देता येते. गच्ची त्यात नसेल तर तो सरळ परवान्याचा भंग. मुंबई (आता महाराष्ट्र) दारूबंदी कायद्याच्या कलम 54 खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. परवान्याचे वर्ष 31 मार्चला संपते, म्हणून नूतनीकरणाआधी, जानेवारी-फेब्रुवारीतच जिल्हाधिकारी आणि अधीक्षक दोघांना अर्ज पोहोचू द्या. गच्चीवरच्या शेडबद्दल महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाला वेगळे पत्र लिहा. एकाच अर्जात सगळे घातले तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर बिअर शॉपी येणार असे कानावर आले आहे. काय करावे?

उत्तर : सोसायटीच्या व्यापारी गाळ्यात नवे दुकान काढायला सोसायटीचे ना-हरकत पत्र लागेल, असे सरकारने मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर केले. आजच सर्वसाधारण सभेची नोटीस काढा, ‘ना-हरकत देणार नाही’ असा ठराव करा आणि त्याची प्रत अधीक्षकांच्या कार्यालयात देऊन शिक्का घ्या. फक्त समितीचे पत्र पुरे, असे समजू नका.

प्रश्न : वॉर्डातले दारू दुकान मतदानाने बंद करता येते का?

उत्तर : येते. वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी सह्यांचे निवेदन द्यायचे. पडताळणीनंतर गुप्त मतदान होते, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी (दुकान बंद). बहुतेक मोहिमा फसतात त्या एकाच ठिकाणी : आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मते हवीत ती यादीतल्या मतदारांच्या, आलेल्यांच्या नव्हे. घरी बसलेली प्रत्येक बाई हिशेबात दुकानाच्या बाजूने पडते. म्हणून सह्या गोळा करायच्या आधी मतदार यादी घेऊन घरोघरी फिरा आणि मयत व स्थलांतरित नावे वगळून घेण्याचे अर्ज भरा.