अठ्ठाविसाव्या वर्षी पण दुकानात आधार दाखवायचं?

प्रश्न : ताई, मी निपाणीची, वय २८, लग्न झालंय, पण उंची कमी आणि चेहरा लहान. आज्जाला तंबाखूची पुडी आणायला गेले तर दुकानदार सगळ्यांसमोर म्हणतो आधार दाखव, पोरी. लई अपमान वाटला बगा. त्याला असं विचारता येतं काय?

उत्तर : येतं ग. देशाचा तंबाखूचा कायदा २००३ चा, त्यात वयाची अट १८, पण कर्नाटकानं २०२५ पासून ती २१ केली. म्हणजे पलीकडं कागलला १८ आणि तुमच्या निपाणीत २१, त्यामुळं सीमेवरच्या दुकानदारांचा पण गोंधळ होतोय. २१ च्या आतल्याला विकलं तर दंड त्यालाच बसतो, म्हणून शंका आली की तो विचारणारच, आणि मला तर ते बरंच वाटतं, कारण तंबाखूच्या पट्ट्यात पोरं लई लवकर पुडीला लागतात.

पण चारचौघात "पोरी" म्हणणं चूकच, ते त्याला सरळ सांग, "काका, वय विचारा, पण नीट विचारा."

आणि एक महत्त्वाचं, कार्ड नुसतं दाखवायचं, झेरॉक्स द्यायची नाही, मोबाईलवर फोटो काढू द्यायचा नाही. लायसन्स असलं तर तेच दाखव, जन्मतारीख त्यावर असते. नाहीतर मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेव, त्यात नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात आणि जन्मतारीख मात्र दिसते.