म्हातारपणी जखमी माणसाचं रक्त पातळ होतं का?

तुमचे वडील 72 वर्षांचे, गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं, अंगावर काळेनिळे डाग. तुम्ही विचारताय, वयामुळे रक्त पातळ झालंय का, आणि तसं असेल तर डॉक्टर वर आणखी पातळ करणारं इंजेक्शन पोटावर का देतायत.

पातळ झालेलं नाही, उलटच आहे. वय वाढतं तसं फायब्रिनोजेन, फॅक्टर आठ, व्हॉन विलब्रँड फॅक्टर हे गोठवणारे घटक रक्तात वाढतात आणि झालेली गुठळी विरघळवायचं काम मंदावतं. शिरेत गुठळी होऊ नये म्हणूनच ते इंजेक्शन. डाग पडतात ते कातडी आणि तिच्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक झाल्यामुळे.

एवढं लिहून थांबले असते, पण याच प्रश्नावरून आमच्या घरात महाभारत झालंय.

सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, त्यामुळे त्यांचं पीटीचं, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्टचं, सँपल मीच लावलं होतं. निळ्या झाकणाची ट्यूब, बरोबर रेषेपर्यंत भरलेली. (वॉर्डातून अर्धवट भरून पाठवतात, मग रक्ताच्या मानाने ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर, म्हणजे पीटीचा आकडा, जो वाढला की रक्त उशिरा गोठतंय असं समजतात, तो उगाच वाढलेला दिसतो. मी असल्या ट्यूबा परत पाठवते आणि बोलणी खाते.) आयएनआर आला 1.0. मोठ्या दिरांनी तो कागद नाचवत डॉक्टरांना विचारलं, "नॉर्मल आहे ना? मग इंजेक्शन कशाला? म्हाताऱ्या बाईचं रक्त आधीच पाण्यासारखं असतं." मी म्हटलं, "भाऊजी, या टेस्टवरून गुठळीचं कळत नाही." तर भर वॉर्डात मला ऐकवलं, "तू रिपोर्ट छापतेस. वाचणारे वेगळे असतात."

अहो, पीटीमध्ये आम्ही बघतो काय, तर वेगळा काढलेला प्लाझ्मा मशीनमध्ये किती सेकंदांत गोठतो. त्या मशीनमध्ये शीर नसते, मोडलेलं हाड नसतं, हलता न येणारा पाय नसतो. गुठळी होते ती या सगळ्यामुळे. आयएनआर नॉर्मल असलेल्यांना सर्रास होते.

घरच्यांचं एकमत होईना आणि इंजेक्शन लांबत गेलं. मग डाव्या पायातलं जोडवं रुततंय म्हणून सासूबाई कुरकुरायला लागल्या. पाय घोट्यापासून वर टम्म. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केली, मांडीच्या शिरेत गुठळी. रोजचं छोटं इंजेक्शन नको होतं ना, आता मोठा डोस आणि पुढे महिनोन् महिने गोळ्या. दीर अजून म्हणतात, "इंजेक्शन न दिल्यामुळेच झाली कशावरून?" इंजेक्शन घेऊनही कधीकधी होते, हे खरंय. पण म्हणून न देणं शहाणपणाचं ठरत नाही.

1994 मध्ये टोरोंटोच्या डॉक्टरांनी प्रतिबंधक औषध न दिलेल्या गंभीर जखमींची व्हेनोग्राफी, म्हणजे शिरेत औषध सोडून काढलेला पायाचा एक्स-रे, केली. 349 पैकी 201 जणांच्या पायात गुठळी सापडली, आणि त्यातल्या फक्त तिघांमध्ये आधी काही लक्षण दिसलं होतं. वाढतं वय हे धोक्याचं स्वतंत्र कारण निघालं. मांडीचं हाड मोडणं हेही त्याच यादीत आहे, म्हणजे तुमचे वडील दोन्हीकडून सापडले. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून इंजेक्शन बंद करा, असं कुणी नातेवाईक म्हणाला तर त्याला चहा आणायला पिटाळा.

आता थोडं सांभाळून. खूप रक्त गेलं, अंग गार पडलं, भराभर सलाईन चढवलं, तर कुठल्याही वयात रक्त गोठेनासं होतं, तो मामला वेगळा. डोक्याला मार असेल तर हे इंजेक्शन कधी सुरू करायचं ते सीटी स्कॅन बघून डॉक्टरच ठरवतात. म्हातारपणी मेंदू आकसतो, त्याच्यावरच्या शिरा ताणल्या जातात आणि साध्या पडण्यानेही आत रक्त साचू शकतं. किडनी अधू असेल तर डोस बदलावा लागतो, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा, विचारा. आणि वडील आधीपासून हृदयासाठी एसिट्रॉम, क्लोपिडोग्रेल असलं रक्त पातळ करणारं काही घेत असतील, तर मी वर लिहिलेलं "पातळ नाही" त्यांना लागू नाही. गोळ्यांची पाकिटं घरून आणून आजच वॉर्डातल्या डॉक्टरांना दाखवा.