वाचकांचे प्रश्न : अन्यायी कारभाऱ्याला शाबासकी कशासाठी?

प्रश्न : मी एका पतसंस्थेत हिशेब तपासण्याचे काम करते. 21 सप्टेंबर 2025 च्या रविवारी मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) लूकच्या शुभवर्तमानातील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला वाचला गेला. धन्याची मालमत्ता उडवल्याचा आरोप असलेला हा कारभारी, नोकरी जाणार असे कळताच धन्याच्या ऋणकऱ्यांना बोलावून त्यांच्या खतांवरील आकडे कमी करून घेतो आणि तरीही धनी त्याची वाखाणणी करतो. असा माणूस आमच्या संस्थेत सापडला तर मला त्याच्याविरुद्ध अहवाल लिहावा लागेल. मग येशूने ही गोष्ट का सांगितली असावी?
– एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : आपल्याला हा दाखला खटकला हे योग्यच झाले. लूक 16:1-13 हा उतारा ऐकून ज्याला काहीच टोचत नाही, त्याने तो लक्षपूर्वक ऐकलेला नाही, असे मी म्हणेन. आपल्या अहवालाविषयी प्रथम सांगतो : तो आपण अवश्य लिहावा. याच उताऱ्याच्या 10 ते 12 या ओव्यांत, जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू असतो आणि जो दुसऱ्याच्या धनाविषयी विश्वासू राहिला नाही त्याला स्वतःचे कोण देईल, असे येशू स्पष्टपणे सांगतो. अफरातफरीला येथे मोकळीक दिलेली नाही.

कारभाऱ्याला सोडवण्याचे प्रयत्न बरेच झाले आहेत. मोशेच्या नियमशास्त्रात गरजू बांधवाकडून व्याज घेण्यास मनाई होती (निर्गम 22:25, लेवीय 25:36-37), तेव्हा कर्जाच्या आकड्यात दडवलेले व्याज किंवा कारभाऱ्याची स्वतःची दलाली तेवढी त्याने वजा केली असावी, असे काही अभ्यासक मानतात. हा तर्क अभ्यासपूर्ण आहे, तरी मला तो पटत नाही. लूकने व्याजाचा किंवा दलालीचा उल्लेखही केलेला नाही, आणि वाखाणणी होते त्या आठव्या ओवीतच त्या माणसाला पुन्हा ‘अन्यायी’ म्हटलेले आहे. शिवाय सूटही लहान नाही. शंभर मापे तेलाची पन्नास होतात आणि शंभर मापे गव्हाची ऐंशी. तेलाचेच शंभर माप आजच्या हिशेबाने दोन हजार लिटरांहून अधिक भरते. कारभाऱ्याला निर्दोष ठरवले की दाखल्यातला काटा निघतो खरा, पण ज्या गोष्टीसाठी तो काटा तेथे ठेवला आहे तीही त्याच्याबरोबर निघून जाते.

धनी नेमके कशाला दाद देतो, ते पाहावे. मालमत्ता उडवण्याला नव्हे, आकडे बदलण्याच्या खोटेपणालाही नव्हे, तर चतुराईला. त्या माणसाने आपली स्थिती कोणतीही सबब न सांगता ओळखली. खणण्याची ताकद अंगात नाही, भीक मागण्याची लाज वाटते, हिशेब देण्याची वेळ येऊन ठेपली आहे आणि खती तेवढ्या अजून हातात आहेत. जे हातात उरले आहे ते जाण्यापूर्वी माणसे जोडण्यासाठी वापरायचे, एवढेच तो ठरवतो आणि त्याच दिवशी करून टाकतो. या युगाचे लोक आपल्या व्यवहारात प्रकाशाच्या लेकरांपेक्षा अधिक शहाणे असतात, असे जे येशू पुढे म्हणतो, त्यात आपल्यासारख्या श्रद्धावंतांना दिलेला ठपका आहे. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनने हा दाखला आणि अठराव्या अध्यायातला, विधवेच्या तगाद्याला कंटाळून तिला न्याय देणारा अन्यायी न्यायाधीश यांना एकत्र ठेवून त्यांतील युक्तिवाद उलगडला आहे. असा माणूस जर आपल्या धन्याची दाद मिळवू शकतो, तर जे देवाच्या आज्ञेनुसार दानधर्म करतात ते देवाला किती अधिक प्रिय होतील! दोन्ही ठिकाणी वाईट माणसाकडून चांगल्याकडे ‘तर मग किती अधिक’ अशी उडी आहे, अनुकरणाची आज्ञा नाही.

आपली अडचण बहुधा येथून सुरू होते की, दाखल्यात धनी आला की तो देवच असणार असे आपण धरून चालतो. ही सवय जुनी आहे. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला उतारशाळेत पोहोचवणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खुद्द ऑगस्टीनने उतारशाळेच्या मालकात प्रेषित पौलाला पाहिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अडोल्फ युलिखर या जर्मन अभ्यासकाने अशा प्रत्येक पात्राचा अर्थ लावण्याला ठाम विरोध केला. त्याचा आग्रह काही ठिकाणी टोकाला गेला असे मला वाटते, कारण पेरणाऱ्याच्या दाखल्याचे स्पष्टीकरण शुभवर्तमानातच तसे दिलेले आहे. या दाखल्यापुरते मात्र त्याचे ऐकणे हिताचे आहे.

आता त्या रविवारचे पहिले वाचन आठवून पाहावे. ते आमोस 8:4-7 होते. माप लहान करणारे, किंमत वाढवणारे, खोट्या तराजूने फसवणारे आणि जोड्याच्या मोलाने गरिबाला विकत घेणारे व्यापारी यांना संदेष्टा तेथे फटकारतो, आणि त्यांची कृत्ये मी कधीही विसरणार नाही अशी शपथ परमेश्वर वाहतो. उपासनेतील वाचनांच्या क्रमात हा दाखला आमोसच्या शेजारी ठेवलेला आहे, म्हणून तो आमोसला विसरून वाचता येत नाही. लूकचा सोळावा अध्यायही शेवटपर्यंत वाचावा. त्याच्या उत्तरार्धात श्रीमंत मनुष्य आणि लाजर येतात. फोडांनी भरलेला लाजर त्या श्रीमंताच्या दाराशीच पडून होता, तरीही आपल्या धनातून त्याला मित्र करून घेण्याचे त्या श्रीमंताला सुचले नाही, आणि मृत्यूनंतर मदतीसाठी त्याला त्याच लाजरकडे पाहावे लागले. धनाने आपल्यासाठी मित्र जोडा, म्हणजे ते तुम्हांला सार्वकालिक वस्तीत घेतील, हे नवव्या ओवीतले अवघड वचन या दुसऱ्या गोष्टीने जितके उलगडते तितके कोणत्याही भाष्याने उलगडत नाही. आपल्या कामात इतरांचा पैसा आपल्या हातांखालून जातो, तेव्हा विश्वासूपणाची दहावी ओवी आपल्या कार्यालयासाठी आणि मित्र जोडण्याची नववी ओवी आपल्या स्वतःच्या पगारासाठी आहे, असे धरून प्रार्थनेत त्यांच्याजवळ काही दिवस थांबून पाहावे.

प्रश्न : मार्क 4:11-12 मध्ये, बाहेरच्यांनी पाहूनही पाहू नये आणि ऐकूनही समजू नये म्हणून त्यांना सर्व दाखल्यांनी सांगितले जाते, असे येशू म्हणतो. देव जाणूनबुजून काहींना अज्ञानात ठेवतो काय?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : हे शब्द यशया 6:9-10 मधील आहेत. तेथे संदेष्ट्याला पाठवतानाच, लोक ऐकणार नाहीत हे त्याला सांगितले जाते आणि तरीही त्याला पाठवले जाते. देव ज्यांना कायमचे टाकून देतो त्यांच्याकडे तो संदेष्टा पाठवत नाही. मार्कमध्ये आत आणि बाहेर यांच्यामधली भिंतही पक्की नाही. चौथ्या अध्यायात ‘आतले’ ठरतात ते बारा शिष्यांबरोबर अर्थ विचारण्यासाठी मागे थांबलेले लोक. उलट बाराव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या दुष्ट कुळांचा दाखला आपल्यालाच उद्देशून आहे हे विरोधकांना पुरते समजते, आणि समजल्यावर ते येशूला धरू पाहतात. म्हणजे त्यांना खटकले ते समजल्यामुळेच. आठव्या अध्यायात, भाकरीची चिंता करणाऱ्या शिष्यांनाच, डोळे असून तुम्हांला दिसत नाही काय, असे येशू विचारतो, आणि लगेच पुढे बेथसैदा येथील आंधळ्याला दोन टप्प्यांत दृष्टी मिळते. मार्क 4:10-34 आणि 8:14-26 हे दोन्ही भाग सलग वाचावेत, म्हणजे न समजणाऱ्यांच्या यादीत मार्कने सर्वांत प्रथम कोणाला बसवले आहे ते आपल्या ध्यानात येईल.