वाचकांचे प्रश्न : अजिंठा निवांतपणे कसा पाहावा?

प्रश्न : गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन अजिंठ्याला गेलो होतो. छत्रपती संभाजीनगरहून निघून पोहोचेपर्यंत दुपार झाली आणि पहिल्या लेण्यात मागून येणाऱ्यांच्या रेट्यामुळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर धड उभेही राहता आले नाही. आईचे गुडघे दुखतात, तरी तिला पुन्हा जायचे आहे. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : संभाजीनगरहून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर असल्यामुळे तिकडून सकाळी निघालेल्या गाड्या उन्हे चढल्यावर जवळपास एकाच वेळी येऊन थडकतात. आपण नाशिकहून रेल्वेने जळगावला उतरावे, तेथून सुमारे ६० किलोमीटरवरील फर्दापूरला रात्री मुक्काम करावा आणि सकाळी लेणी उघडताच पोहोचावे. खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावरच थांबतात व पुढचे ४ किलोमीटर बसने जावे लागते, तेव्हा तो वेळही हिशेबात धरावा. सोमवारी लेणी बंद असतात. मंगळवारी वेरूळ बंद असल्याने तिकडचे प्रवासीही इकडे वळण्याचा संभव असतो. म्हणून सुट्टी नसलेला बुधवार किंवा गुरुवार निवडावा. आईंसाठी पायथ्याशीच डोलीची चौकशी करावी, त्यात संकोच मुळीच नको.

सकाळचा पहिला तास १ आणि २ क्रमांकाच्या लेण्यांना द्यावा, मग १६ आणि १७ पाहावीत. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर प्रथम काहीच दिसत नाही, आणि बहुतेक लोक नेमके त्याच क्षणी भिंतीवर नजर फिरवून बाहेर पडतात. आपण वाट सोडून कडेला पाच मिनिटे नुसते उभे राहावे. उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, कारण मातीच्या गिलाव्यावरचे हे रंग प्रखर प्रकाशाने आणि माणसांच्या श्वासातल्या दमटपणानेही खराब होतात. फ्लॅशला मनाई आहे ती त्यासाठीच. डोळे सरावले की पद्मपाणीच्या हातातले निळे कमळ दिसू लागते, मग झुकलेल्या पापण्या, आणि मग त्याच्या भोवतीची माणसे अंधारातून एकेक करून पुढे येतात. हे घडताना पाहण्यासाठी एवढा प्रवास करावा, असे मला मनापासून वाटते.

१० क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, एका खांबावरील चित्रावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली कोरलेले नाव आहे. ते आज डोक्याच्या वर दिसते, कारण तेव्हा लेण्यात दगडमाती साचली होती आणि तो त्या ढिगावर उभा होता. एवढ्या जुन्या चित्रावर नाव कोरले गेले, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

अकराच्या सुमारास पहिल्या लेण्यांपाशी रांगा लागल्या की आपण दुसऱ्या टोकाच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात असावे. तेथे महापरिनिर्वाणाची, म्हणजे देहत्यागाच्या वेळी पहुडलेल्या बुद्धाची, सुमारे ७ मीटर लांबीची मूर्ती आहे. आईंना तिच्यासमोर निवांत वेळ द्यावा. मंचकाखाली शोक करणाऱ्या शिष्यांची जी रांग कोरली आहे, तिच्यातला एकेक चेहरा थांबून पाहण्याजोगा आहे.