गोलंदाज म्हटलं की फक्त क्रिकेटच का?

विचारलंय असं की रॉयल आर्टिलरी (म्हणजे ब्रिटिश लष्कराचा तोफखाना) पोर्ट्समथ या जुन्या इंग्लिश फुटबॉल क्लबवर मराठीत लिहिताना 'गोलंदाजांनी लीग जिंकली' असं लिहिलं, आणि वाचणाऱ्यांना ते क्रिकेटचं वाटलं, मग शब्द चुकला का?

अजिबात नाही. गोलंदाज मुळात तोफेवरचाच माणूस. फारसीत अंदाख्तन म्हणजे फेकणं, त्यातला हा 'अंदाज', म्हणून तीर मारतो तो तीरंदाज आणि तोफेचा गोळा टाकतो तो गोलंदाज. पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होते तेव्हा मराठीत बोलरसाठी शब्द शोधायची वेळच आली नव्हती, तो अर्थ मागाहून चिकटला आणि एवढा घट्ट बसला की आता मूळ मालकालाच ओळख सांगावी लागते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि या क्लबला तर तो शब्द अगदी चपखल आहे, कारण हे खरोखरच तोफखान्यातले शिपाई होते. १८९७-९८ ला त्यांनी सदर्न लीग या इंग्लिश स्पर्धेची दुसरी डिव्हिजन जिंकली, वरच्या डिव्हिजनमध्ये गेले, आणि १८९९ मध्ये हौशी खेळाडूंचे नियम मोडले म्हणून अमॅच्युअर कप या हौशी क्लबांच्या स्पर्धेतून बाहेर काढले गेले, त्यानंतर क्लब काही टिकला नाही. त्यांचा गोलकीपर मॅट रायली मग नव्या पोर्ट्समथ क्लबात गेला. आता रायलीला नुसतं 'गोलंदाज' लिहिलं तर फुटबॉलमध्ये 'गोल' शब्दामुळे कोणी गोल मारणाराही समजेल, आणि हा तर गोल अडवणारा!

म्हणून पहिल्यांदा 'तोफखान्याचे गोलंदाज' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं गोलंदाज बिनधास्त चालेल. 'गनर्स' मात्र टाळा, ते लंडनच्या आर्सेनल क्लबचं टोपणनाव, त्यामुळे लगेच आर्सेनल डोळ्यासमोर येतं, आणि ते १८८६ ला वुलिचच्या शस्त्रकारखान्यातल्या कामगारांनी काढलेलं, सैनिकांनी नाही.

जाता जाता, १८७५ चा एफए कप हा इंग्लिश फुटबॉलचा चषक जिंकणाऱ्या रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश लष्करी संघाला 'अभियंता संघ' वगैरे म्हणू नका हो. हे खंदक-सुरुंग खणणारे सैनिक, म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स, आणि त्याचं आपल्याकडे बोलता बोलता 'सफरमैना' झालंय, तोच शब्द वापरा.