गोळी सुरू झाली, आता पुढं?

ताई, पोराला फ्लुऑक्सेटिन हे मनाच्या आजारावरचं औषध सुरू झालं म्हणून घाबरू नका, पण आठ दिवसांत फरकही शोधू नका. माझा लेक मंत्रचळामुळं (डॉक्टर ओसीडी म्हणतात, तेच तेच करत राहायला लावणारा आजार) तासभर हात धूत बसायचा, साबणाची वडी दोन दिवसांत संपायची. दीड-दोन महिन्यांनी कुठं रंकाळ्यावर त्यानं हातानं भेळ खाल्ली. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन; पेशी ते परत शोषून घेतात, ते गोळी लगेच रोखते, मेंदू मात्र सावकाश जुळवून घेतो.

'सेरोटोनिन कमी पडलंय' असं कुणी छातीठोक सांगितलं तर नुसती मान डोलवा, गोष्ट तेवढी सोपी नाही. त्यासाठी रक्त तपासायला तर जाऊच नका. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि रक्तातलं मेंदूत शिरत नाही. आमचे पैसे असेच पाण्यात गेले.

खरं लक्ष सुरुवातीच्या आठवड्यांत द्या. पोरगं एकदम बेचैन झालं, झोप उडाली, मरणाबिरणाचं बोलू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००४ मध्ये या गोळ्यांवर मुलांसाठी तसा ठळक इशारा छापायला लावला. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आम्ही केली होती. चार दिवस चक्कर आणि चिडचिड, शेजारच्या काकूंनी दृष्टसुद्धा काढली.