नेरुळची बीडीएस मुलगी: एमपीएचसाठी टिस की त्रिवेंद्रम?

बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) झाल्यावर एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आणि त्रिवेंद्रमला, दोन्हीकडे नंबर लागलाय म्हणतेस, मग रँकिंग बघत बसू नकोस. तुला काम कसलं करायचंय ते आधी ठरव.

संशोधनाची ओढ असेल तर त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन सेंटर. तिथे १९९७ पासून एमपीएच चालू आहे, आणि ते श्री चित्रा तिरुनाल या वैद्यकीय संस्थेचा भाग आहे. टिसचा कल सामाजिक बाजूकडे: जात, गरिबी, धोरण, आरोग्याचं अर्थकारण. पुढे मुंबईतल्याच संस्थांत काम करायचं असेल तर ओळखीही इथेच होतात. शिवाय टिसला जायला नेरुळहून हार्बर लोकलने गोवंडी, म्हणजे घरचा डबा! (आईला हेच पटेल.)

दोन्हीकडच्या माजी विद्यार्थ्यांना एकच विचार: फील्डवर्क कुठे होतं, आणि आता नोकरी काय करताय? मी असते तर त्रिवेंद्रम गाठलं असतं.